लायगोने २०१५ मध्येच गुरुत्वीय लहरी टिपल्या होत्या, मग २०२३ मध्ये खोडदच्या दुर्बिणीने नवे काय शोधले?

आपण विचारलेले दोन शोध एकच नाहीत. गुरुत्वीय लहरी म्हणजे अवकाश-काळात उठणारे तरंग. २०१५ मध्ये लायगो या अमेरिकेतील लेझर-उपकरणाने टिपलेली लहर सूर्याच्या सुमारे ३० पट वस्तुमान असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनातून आली होती आणि सेकंदाच्या अंशभरात संपली. २९ जून २०२३ रोजी ज्या लहरींचे पुरावे जाहीर झाले, त्यांचे एकेक आंदोलन पूर्ण व्हायला कित्येक वर्षे लागतात. इतक्या संथ लहरींना लायगोसारखे जमिनीवरचे कोणतेही उपकरण पुरे पडत नाही, म्हणून आकाशगंगेतील स्पंदक तारे, म्हणजे स्वतःभोवती फिरताना रेडिओ तरंगांचे ठोके पाठवणारे मृत ताऱ्यांचे अवशेष, घड्याळांसारखे वापरले जातात. त्यांतले बहुतेक सेकंदाला शेकडो फेऱ्या घेतात आणि त्यांचे स्पंद अत्यंत नियमितपणे येतात. गुरुत्वीय लहरींमुळे हे स्पंद किंचित लवकर किंवा उशिरा पोहोचतात. आणि दोन ताऱ्यांच्या वेळांतील हा फरक परस्परांशी किती जुळेल, हे आकाशात त्यांच्यामध्ये किती अंशांचा कोन आहे यावर ठरते. हेलिंग्ज आणि डाउन्स या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये वर्तवलेला हाच आकृतिबंध अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधील गटांना कमीअधिक स्पष्टपणे दिसला.

नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचे काम इथे येते. ‘खोडदने शोध लावला’ असे म्हणणे बरोबर होणार नाही, पण भारतीय गटाचा वाटा नाममात्रही नव्हता. ताऱ्यांमधील पोकळीत विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेचे रेडिओ तरंग जास्त वारंवारतेच्या तरंगांपेक्षा उशिरा पोहोचतात, आणि हा विलंब कालांतराने बदलतही राहतो. तो नेमका वजा केला नाही, तर त्यालाच गुरुत्वीय लहर समजण्याचा धोका असतो. जीएमआरटीच्या ३० अँटेना गटागटांत विभागून एकच स्पंदक ३०० ते ५०० मेगाहर्ट्झ आणि १४०० मेगाहर्ट्झच्या आसपास एकाच वेळी पाहता येतो, त्यामुळे हा विलंब फार बारकाईने मोजता येतो. युरोपीय गटाच्या सुमारे २५ वर्षांच्या नोंदींना या मोजमापांची जोड मिळाली.

मात्र या निष्कर्षांची सांख्यिकीय खात्री गटागणिक सुमारे २ ते ४.६ सिग्मा होती (सिग्मा जितके जास्त, तितकी तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी); शोध म्हणून मान्यता मिळायला ५ सिग्मा लागतात. म्हणून वृत्तपत्रांनी ‘सापडल्या’ असे छापले तरी शास्त्रज्ञांनी जाणीवपूर्वक ‘पुरावा’ हाच शब्द वापरला, आणि तो संयम मला फार मोलाचा वाटतो.

लहरींचा उगम अजून अनिश्चित आहे. दीर्घिकांच्या मीलनानंतर एकमेकांभोवती फिरणाऱ्या महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या हे सर्वांत संभाव्य उत्तर आहे, तरी विश्वाच्या आरंभकाळातील घडामोडींची शक्यताही मोडीत निघालेली नाही. पहिले उत्तर खरे ठरले, तरी एक जुना पेच उरतोच. अशा जोडीतले अंतर सुमारे ३ प्रकाशवर्षांवर आले की तिची ऊर्जा काढून घेणारे तारे आसपास फारसे उरत नाहीत, आणि गुरुत्वीय लहरींनी ती ऊर्जा पुरेशा वेगाने वाहून न्यावी एवढी जवळीकही अजून आलेली नसते. मग ही कृष्णविवरे त्यापुढे एकमेकांजवळ सरकतात कशी, हे अजून निश्चित झालेले नाही.