नोकरी सांभाळून मुंबईत सामाजिक संस्था काढावी का? अडचणी काय, आणि मिळतं काय?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं वस्तीतल्या मुलांना शिकवताय आणि आता संस्था रजिस्टर करावी म्हणताय. मी मानखुर्दला एका पुनर्वसन इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत अकरा वर्षं अभ्यासिका चालवते. दिवसा एका ऑफिसात हिशेब लिहिते. तेव्हा जे भोगलंय तेच सांगते.

रजिस्ट्रेशन हे सगळ्यात सोपं काम. सात माणसं जमवा, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली अर्ज करा. महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद लागते. मुंबईत दोन्हींसाठी वरळीचं धर्मादाय आयुक्त कार्यालय. नुसता ट्रस्ट केलात तर सात जणही लागत नाहीत.

खरी गंमत पुढे. चौथ्या वर्षी आमची खजिनदार नोकरीसाठी पुण्याला गेली. निरोप समारंभ झाला, सामोसे झाले, नवीन खजिनदार निवडला, इतिवृत्तात लिहिलं आणि विसरलो. खजिनदारही विश्वस्तच, आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, दाखल करायचा असतो. आम्हाला ठाऊक होतं, पण प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं असेल. दोन वर्षांनी बँकेने केवायसीसाठी शेड्युल वनचा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा, उतारा मागितला. त्यावर जुनीच नावं! खात्यात पैसे जमा होत होते, निघत मात्र नव्हते. शिकवणाऱ्या दोन ताईंचा तीन महिन्यांचा पगार मी आणि आमच्या अध्यक्षांनी खिशातून भरला. मग विलंब माफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सुनावणी. जुनी खजिनदार बिचारी डेक्कन क्वीनने सही करायला आली. चूक पूर्णपणे आमची होती, म्हणून कुणावर चिडताही येईना.

पैशाचं म्हणाल तर पैसा मिळतो, पण हवा त्या कामाला मिळत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, आणि यातल्या कित्येकांची मुख्यालयं मुंबईतच. त्यांना दप्तरं द्यायला आवडतात, टॅब द्यायला आवडतात, कारण त्यांचा फोटो निघतो. प्रस्तावातल्या 'शिक्षिकांचं मानधन' या ओळीवर बोट ठेवून मात्र दर वर्षी विचारणा होते, हे जरा कमी करता येईल का? अहो, दप्तर मुलांना गणित शिकवत नाही. एकदा एका कंपनीची मंडळी शनिवारी येऊन भिंती रंगवून गेली, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीची. आमची खोली आत्तापर्यंत तीनदा रंगलीय. पंखा अजून एकच आहे.

म्हणून मला जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन प्रिय आहे. तिच्या निमित्ताने निधी गोळा करता येतो. ओळखीपाळखीतून पाचशे-हजार करत जे जमतं, त्याला कुणाची अट नसते, त्यातून पगार आणि भाडं निघतं. पळायचं मनावर घेऊ नका. मी ड्रीम रनमध्ये, म्हणजे तिच्यातल्या छोट्या हौशी फेरीत, चालते.

देणगीदार ८०जीची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागतात. ती द्यायची तर प्रत्येकाचा पॅन घेऊन मेअखेर यादी आयकर खात्याला ऑनलाइन कळवावी लागते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. वैयक्तिक देणगीदाराला नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, त्यामुळे हल्ली काही जण "मग काय उपयोग?" म्हणून हात आखडतात. परदेशी पैशाचा विचार इतक्यात नकोच.

मिळतं काय? पगार नाही. विश्वस्तांनी घ्यायचा नाही असं आम्हीच ठरवलं. (तरी नातेवाइकांना वाटतंच की एनजीओ आहे म्हणजे हिचं चांगलं चाललंय.) संस्थेच्या नावाची किंमत मला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळली. तशा आम्ही शिकवणाऱ्या चार बायकाच होतो, पण नोंदणी, खातं, पावती पुस्तक तयार होतं. त्यामुळे आठवडाभरात रेशनसाठी पैसे आले आणि तांदूळ-डाळीची पाकिटं घरोघरी गेली. खाजगी गटाला इतक्या भरवशाने कुणी दिले नसते. शाळेचे मुख्याध्यापकही संस्थेच्या लेटरहेडला बसायला खुर्ची देतात.

आणि संध्याकाळी पावणेसातला खोलीत शिरले की पंचवीस-तीस मुलं नुसती वाचत बसलेली असतात. घरी सव्वादोनशे चौरस फुटांत सहा माणसं आणि टीव्ही. इथे त्यांना कुणी दूध आणायला पिटाळत नाही. गेल्या वर्षी आमच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला विश्वस्त केलं, बी.कॉम. झालीय. पहिल्याच मीटिंगला तिने विचारलं, "ताई, माझा चेंज रिपोर्ट कोण भरतंय?"

तुम्हाला सांगायचं तर एवढ्यात रजिस्टर करू नका. ओळखीच्या एखाद्या जुन्या संस्थेला विचारा, वर्षभर त्यांचा एक उपक्रम म्हणून काम करा, त्यांच्या ऑडिटच्या वेळी हिशेबनिसाशेजारी बसा. दरम्यान सात नावं लिहून बघा. मीटिंगला येणारी, नुसती होकार देणारी नव्हे. आमची पहिल्या यादीतली चारच टिकली, त्यातले एक डोंबिवलीहून येतात आणि दर वेळी अर्धा तास उशिरा येतात. पण येतात.