सीपीयूत ५६ अंश, खोलीत ४१

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात माझा फोटो स्टुडिओ आहे. वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ सीपीयूतल्या ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्कवर असतात. एप्रिलपासून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्राममधला तापमानाचा चौकोन रंग बदलून राहिला आहे. काल दुपारी खोलीत ४१ होतं आणि एक डिस्क ५६ वर गेली. कोणी म्हणतं ४० च्या वर गेली की डिस्क संपली, कोणी म्हणतं सीपीयू कूलरसमोर ठेव. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, तर अजून यायचाच आहे. काय करू?

उत्तर : आधी एक काम करा. ग्राहकांना अजून दिलेली नाहीत ती सगळी लग्नं आज रात्रीच तिसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. बाकीचं उत्तर त्यानंतर वाचलंत तरी चालेल.

आता ५६ बद्दल. आपल्या सीपीयूत बसणाऱ्या बहुतेक साडेतीन इंची डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाची मर्यादा ६० अंश दिलेली असते. म्हणजे तुमची डिस्क हद्दीत आहे, पण पार कुंपणाला टेकली आहे. ४० च्या वर गेली की संपली, हे मात्र खरं नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कच्या नोंदी तपासून निबंध प्रसिद्ध केला. तापमान वाढत जाईल तसा बिघाडही वाढत जातो, असं त्यांना दिसलं नाही. उलट फार थंड राहिलेल्या डिस्कमध्येच बिघाडाचं प्रमाण जास्त निघालं. उष्णतेचा फटका दिसला तो खूप तापणाऱ्या आणि तीनेक वर्षं वापरलेल्या डिस्कना. मी माझ्या ग्राहकांना सांगते ते असं : ४५ पर्यंत निश्चिंत राहा, ५० दिसलं की उठून सीपीयूजवळ जा, ५५ ला काम थांबवा.

डिस्क जेमतेम पाच ते आठ वॅट वीज खाते, एखाद्या छोट्या एलईडी बल्बइतकी. पण आतल्या चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. त्या फिरवणारी मोटर तापते, खालच्या हिरव्या पाटीवरची चिप तापते. ही ऊब डिस्कच्या धातूच्या अंगावरून हवेत जायची असते, आणि हवा हललीच नाही तर ती तिथेच साचते. माझ्या अनुभवात हवा खेळती असेल तर डिस्क भोवतालच्या हवेपेक्षा आठ-दहा अंशांनी गरम राहते. कोंडलेल्या जागेत हाच फरक पंधरा-वीसवर जातो. तुमचा फरक पंधराचा आहे. खोलीचे ४१ तुमच्या हातात फारसे नाहीत, पण हे वरचे पंधरा आहेत.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक सीपीयू बर्डीवरच्या माझ्या टेबलावर आला होता. समोरची जाळी काढली तर मागे धूळ आणि कापसाच्या तंतूंचा थर, बोटानं उचलला तर नमद्यासारखा अखंड निघाला. दोन्ही डिस्क शेजारशेजारच्या खणांत, मध्ये करंगळीही जाईना. त्यांच्या पुढ्यात केबलींचा जुडगा, आणि जिथे पंखा असायला हवा तिथे नुसती चार भोकं. मी जाळी धुतली, खालची डिस्क एक खण सोडून खाली घेतली, केबली बाजूला बांधल्या आणि समोर १२० मिलिमीटरचा पंखा लावला, हवा आत ओढणारा. ५४ वर जाणारी डिस्क त्याच खोलीत, तशाच दुपारी ४६-४७ वर थांबली. पंखा जोरात फिरायची गरज नसते. डिस्कच्या अंगावरून संथ वारा सतत जायला हवा, एवढंच. काही लोक सीपीयूचं बाजूचं पान काढून ठेवतात. त्यानं समोरून मागे जाणारा वाऱ्याचा रस्ता मोडतो आणि मेमधली धूळ सरळ आत येते. पान लावूनच ठेवा. सीपीयू टेबलाच्या दाराच्या कप्प्यात असेल, तर दार आणि मागचं प्लाय दोन्ही काढा.

कूलर जरूर लावा, पण तो खोलीसाठी, सीपीयूसाठी नव्हे. आपल्या मेच्या कोरड्या हवेत कूलर खोली दहा-बारा अंशांनी उतरवतो आणि डिस्क आपोआप तेवढी खाली येते. सीपीयू मात्र त्याच्या झोतात ठेवू नका. बोअरचं खारं पाणी असेल तर कूलरच्या जाळीवर पांढरे पापुद्रे धरतात ते तुम्ही पाहिलेच असतील. तुषारांसोबत तेच मदरबोर्डवर जाऊन बसतात. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी हवी, हे नागपूरच्या माणसाला मी काय सांगू! एक पाऊस पडला की कूलर बंद करा. दमट हवेत तो थंडावा देत नाही, नुसती ओल वाढवतो.

शंभर-दोनशे जीबीची कॉपी दुपारी लावू नका. तुमचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धगधगत असणार. पहाटे चार ते सात ही उन्हाळ्यातली सगळ्यात बरी वेळ.

आकडा खरा आहे का, हेही एकदा पाहून घ्या. मे २०२४ च्या अखेरीला रामदासपेठेतल्या स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, तेव्हा सगळं गाव हादरलं होतं. पुढे हवामान खात्यानं तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. डिस्कचा सेन्सरही चुकू शकतो. रात्रभर बंद असलेला सीपीयू सकाळी सुरू केल्या केल्या आकडा वाचा. तो खोलीच्या तापमानाच्या दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे असायला हवा. खोलीत ३३ आणि डिस्क ४५ सांगत असेल, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. तेव्हा माझ्या घरच्या डिस्कवर आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या, जुन्या कॅसेटींवरून मीच उतरवलेल्या. मी दर तासाला तापमान पाहत होते. ओला पंचा घालून खिडकी गार करत होते. डिस्क ४८ च्या वर एकदाही गेली नाही, तरी त्याच महिन्यात ती वाचायची थांबली. नंतर जुने स्क्रीनशॉट काढून पाहिले. तापमानाच्या खालच्याच यादीत ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’चा, म्हणजे डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा फेब्रुवारीपासून वाढत होता. ती डिस्क उन्हाळ्याच्या आधीच खचली होती आणि मी तापमानाच्याच आकड्याकडे पाहत बसले. कॅसेटींची फीत तोवर चिकटून गेली होती. सत्तावीस ओव्यांपैकी सहा परत मिळाल्या.

म्हणून तुम्ही तोच प्रोग्राम उघडा आणि तीन ओळी वाचा : ‘रिअॅलोकेटेड सेक्टर्स काउंट’, ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ आणि ‘अनकरेक्टेबल सेक्टर काउंट’. शेवटच्या रकान्यात तिन्हींपुढे सगळी शून्यं हवीत. तिथे अक्षरं मिसळलेले आकडे दिसले तर गोंधळू नका, ती ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांनी मोजण्याची पद्धत आहे. शून्य नसेल ते कागदावर लिहा आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहा. आकडा वाढला असेल तर तापमान ३५ असलं तरी ती डिस्क बदला. आणि हे आकडे शून्य असून डिस्क ५० वर चालत असेल, तर पंखा लावा आणि काम करा.

प्रश्न : इतवारीत आमचं किराणा दुकान आहे. सीसीटीव्हीचा डीव्हीआर माळ्यावर ठेवला आहे. दोन वर्षांत दोन डिस्क गेल्या. कंपनी बदलून पाहू का?

उत्तर : आधी जागा बदला. गरम हवा वर चढते, त्यामुळे तुमच्या दुकानातली सगळ्यात तापलेली जागा माळाच असणार. तिथे पत्र्याच्या बंद डब्यात डिस्क चोवीस तास लिहीत बसते, आणि पुष्कळ डीव्हीआरना पंखाच नसतो. तो गल्ल्याच्या खाली, जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा. त्यावर वह्या आणि पिशव्या रचू नका. मसाल्याची आणि पिठाची धूळ त्याच्या भोकांत बसते, ती महिन्यातून एकदा ब्रशनं काढा. नवी डिस्क घेताना सीसीटीव्हीसाठीचीच मागा. ती अखंड लिहिण्यासाठी बनवलेली असते, सीपीयूतून काढलेली जुनी डिस्क त्यात घालू नका.

प्रश्न : कामासाठी सारखी वर्धा-नागपूर ये-जा असते. एक्स्टर्नल डिस्क गाडीतच राहते. परवा ती ओळखली जाईना, तेव्हा एका मित्रानं फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं. ठेवू का?

उत्तर : नका ठेवू. फ्रीजरमधून बाहेर काढताच तिच्यावर दव धरतं. हवेच्या दाबासाठी डिस्कला एक बारीक छिद्र असतं, त्यामुळे ही ओल आतल्या चकत्यांवरही धरू शकते. चकती आणि तिच्यावर तरंगणारं, वाचण्या-लिहिण्याचं काम करणारं हेड यांच्यात केसाच्या जाडीचा हजारावा भागही अंतर नसतं. तिथे पाण्याचा कण गेला तर उरलेली आशाही संपते.

मेच्या उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० च्या पुढे सहज जातो, आणि बंद अवस्थेतही बऱ्याच डिस्कची मर्यादा ६५ किंवा ७० च असते. ती खांद्यावरच्या पिशवीत, तुमच्यासोबत घेऊन उतरत जा. तापलेली डिस्क घरात आणल्यावर लगेच जोडायची नाही, तासभर पंख्याखाली निवू द्यायची. ही परवाची डिस्कही आधी तशीच निवू द्या, मग दुसऱ्या केबलनं, दुसऱ्या यूएसबी पोर्टला एकदाच जोडून पाहा. टकटक असा आवाज आला तर लगेच काढा आणि पुन्हा जोडू नका. तशीच डेटा काढून देणाऱ्याकडे न्या.