परीक्षेत कडवे दिले, तर ती ओवी आहे की अभंग हे कसे ओळखायचे?

यमक कोणत्या चरणांत जुळते ते आधी बघा: ओवीत पहिल्या तीन चरणांच्या शेवटी जुळते, मोठ्या अभंगात दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. पसायदानात देवें, तोषावें, द्यावें जुळतात आणि 'पसायदान हें' मोकळे राहते, म्हणून ती ओवी. तुकोबांच्या 'सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया'मध्ये विटेवरी-कटावरी जुळतात. अक्षरे 6, 6, 6, 4. मोजताना जोडाक्षर एकच धरा. 'ध्यान' तीन अक्षरी मोजले की सगळे गणित चुकते, आणि बहुतेकांचे गुण इथेच जातात. मात्र छोट्या अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात, यमक दोन्हींच्या शेवटी. ओवीची अक्षरसंख्या ठरलेली नसते, त्यामुळे तिथे मोजत बसू नका.