घर, नोकरी आणि ऑनलाइन अभ्यास : वाचकांचे प्रश्न

या वेळी ऑनलाइन शिक्षणाबद्दलची पत्रं सर्वांत जास्त आली. त्यांतली पाच निवडली आहेत. ‘किती तास स्क्रीन चालेल?’ असं अनेकांनी विचारलं आहे. फोन घरात कुठे राहील, कधी हातात घ्यायचा आणि कोणतं काम झालं की खाली ठेवायचा, हे आधी ठरवलं तर तासांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो, असं आमचं मत आहे.

प्रश्न : मी एका कंपनीत लेखा विभागात काम करते. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींसारख्या संस्था चालवतात त्या, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. दोन आठवडे नीट गेले, मग मुलाच्या परीक्षा आल्या आणि सगळं मागे पडलं. आता पाचवा आठवडा सुरू झालाय. सोडून देऊ का?
– एक वाचक, नाशिक

सोडू नका. आधी गुणांचा हिशेब बघा. एनपीटीईएलमध्ये आठवड्याच्या स्वाध्यायांना २५ आणि शेवटच्या परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वांत चांगले ८ स्वाध्यायच धरले जातात, म्हणजे दोन हुकले म्हणून काही बिघडलेलं नाही. प्रमाणपत्रासाठी स्वाध्यायांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात, दोन्हीकडे वेगवेगळे. अनेकांचं घोडं अडतं ते भलत्याच ठिकाणी : अभ्यासक्रमाला नाव घालणं फुकट असलं, तरी परीक्षेची नोंदणी वेगळी आणि सशुल्क असते. तिची मुदत निघून गेली की बारा आठवडे शिकूनही प्रमाणपत्र मिळत नाही. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, तेव्हा ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

आता वेळेचं. आठवड्याचे व्हिडिओ साधारण अडीच तासांचे असतात आणि लोक तेवढेच अडीच तास बाजूला काढतात. थांबून समजून घेणं, लिहिणं, स्वाध्याय सोडवणं धरलं तर पाच तास लागतात. मागे पडण्याचं खरं कारण हेच असतं, मुलाची परीक्षा हे निमित्त. चार दिवस पाऊण-पाऊण तास आणि रविवारी दोन तास, असे पाच तास बसवा. रोजचा पाऊण तास ठरलेल्या कामाला जोडा, उदाहरणार्थ डबे भरून झाले की लगेच. रात्री दहानंतर बसू नका. व्हिडिओ चालू राहतो आणि डोकं बंद पडतं.

बसल्यावर काय करायचं, तेही सांगतो. आधी त्या आठवड्याचा स्वाध्याय उघडून फक्त प्रश्न वाचा. उत्तरं येणार नाहीत, पण व्हिडिओत काय शोधायचं ते कळेल. मग व्हिडिओ लावा. दहा मिनिटांनी थांबवा, स्क्रीन झाका आणि जे आठवतंय ते वहीत तीन-चार ओळींत लिहा. मग झाकण काढून पडताळा. जिथे अडलात तेवढाच भाग पुन्हा बघा. स्लाइड जशीच्या तशी वहीत उतरवण्यात वेळ जातो आणि हाती काहीच लागत नाही, कारण उतरवताना विचार करावा लागत नाही. सरांचा बोलण्याचा वेग संथ असेल तर १.२५ पटीने लावा. भांडी घासताना कानात व्याख्यान लावणं दुसऱ्यांदा ऐकण्यापुरतं ठीक. पहिल्यांदाच असं ऐकलं तर आकडे आणि सूत्रं निसटतात.

राहिलेल्या आठवड्यांचं काय? चालू आठवडा आधी, कारण त्याची मुदत जिवंत आहे. मागच्या आठवड्याच्या स्वाध्यायाची तारीखही एकदा तपासा, ती कधी कधी अजून गेलेली नसते. मागचे धडे दर रविवारी एक आठवडा या गतीने घ्या, आणि तेही व्हिडिओऐवजी व्याख्यानाची लेखी प्रत डाउनलोड करून वाचा. वाचायला निम्म्याहून कमी वेळ लागतो. विषय पायरीवर पायरी चढणारा असेल, म्हणजे संख्याशास्त्र किंवा प्रोग्रॅमिंगसारखा, तर मात्र राहिलेलं आधी वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिथे एक शनिवार-रविवार पूर्ण त्यासाठी द्या आणि घरच्यांना तसं आधी सांगून ठेवा.

प्रश्न : घरात स्मार्टफोन एकच आणि तो मुलांच्या पप्पांबरोबर कामावर जातो. रात्री आठला घरी येतो. मुलगी नववीत, मुलगा पाचवीत. रोजचा दीड जीबी डेटा तोवर संपलेला असतो. दुसरा फोन घेण्याची ऐपत नाही.
– एक वाचक, माण तालुका, जि. सातारा

दुसऱ्या फोनची गरज नाही. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणासाठी ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच तास सुचवले होते आणि नववी ते बारावीला चार. तेव्हा शाळा पूर्ण बंद होत्या. आता मुलं शाळेत जात असताना त्याहून बराच कमी वेळ पुरतो.

डेटा कुठे गळतो ते आधी शोधा. व्हॉट्सअॅपमध्ये सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मीडिया ऑटो-डाउनलोड असं जा आणि मोबाइल डेटाखालच्या सगळ्या खुणा काढा. सुप्रभातचे फोटो आणि ग्रुपवरचे व्हिडिओ न उघडताही डेटा खातात. प्ले स्टोअरमध्ये अॅप आपोआप अपडेट होणं ‘फक्त वाय-फायवर’ ठेवा. व्हिडिओचा दर्जा ३६० ठेवला तर तासाला साधारण ३०० एमबी लागतात, ७२० वर त्याच्या तिप्पट-चौपट. फळ्यावरची अक्षरं फोनच्या पडद्यावर ३६० मध्येही वाचता येतात. बारीक आकृती असेल तेवढ्यापुरतं वाढवा.

आणि फोन सकाळीही घरातच असतो, हे विसरू नका. रोजचा डेटा बहुतेक योजनांत मध्यरात्रीनंतर नव्याने मिळतो. पप्पा निघण्याआधी अर्धा तास मुलीला द्या. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण अॅपमधून स्कॅन करायचा, लागणारा धडा डाउनलोड करून ठेवायचा. रात्री तो डेटाशिवाय बघता येतो. दर रविवारी मागचे धडे काढून टाका, नाहीतर फोनची जागा भरते आणि अॅप अडकायला लागतं.

रात्री फोन घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं कुणीच व्हिडिओ लावायचा नाही. शाळेचे ग्रुप उघडून दोघांचा अभ्यास एका वहीत तारखेसकट लिहून काढायचा. मग आधी धाकटा, वीस मिनिटं, कारण तो लवकर झोपतो. नंतर मुलगी. सरांनी पाठवलेली पीडीएफ दोन पानांहून मोठी असेल तर झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा. छोट्या पडद्यावर गणितं सोडवताना मुलं सतत पान वर-खाली करत राहतात आणि चुका वाढतात.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. ‘क्लास चालू आहे’ म्हणतो आणि शॉर्ट्स बघत बसतो. फोन काढून घेतला तर क्लास बुडतो.
– एक पालक, ठाणे

तीन गोष्टी करा. पहिली, जागा. क्लासचं टेबल हॉलमध्ये, फोनचा पडदा खोलीच्या दिशेने. दार लावून क्लास नाही.

दुसरी, क्लासपुरतं अॅप पिन करा, म्हणजे फोन त्या एकाच अॅपवर अडकवून ठेवा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली अॅप पिनिंग असतं. ते सुरू करताना ‘काढण्याआधी पिन विचारा’ हा पर्याय चालू करा, नाहीतर दोन बोटांत सुटतं. क्लासचं अॅप उघडून पिन केलं की तास संपेपर्यंत फोनमध्ये दुसरं काही उघडत नाही. पिन नंबर अर्थातच तुमच्याकडे.

तिसरी, उरलेल्या दिवसासाठी फॅमिली लिंक, म्हणजे पालकांना मुलाच्या फोनवर मर्यादा घालू देणारं गूगलचं अॅप. तुमच्या फोनवर ते घ्या, मुलाचं खातं जोडा, यूट्यूबला रोजची मर्यादा घाला, रात्री नऊ ते सकाळी सहा डाउनटाइम (त्या वेळात फोन बंद) लावा आणि शाळेचं अॅप ‘नेहमी चालू’मध्ये टाका. इथे एक फट हमखास राहते : यूट्यूबच्या अॅपला मर्यादा घातली तरी ते क्रोममधून उघडतं. म्हणून क्रोमच्या यादीत यूट्यूबची साइटही बंद करा. यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद थांबवून जुनी नोंद पुसून टाका. त्यानंतर मुखपृष्ठ जवळजवळ रिकामं होतं. हवा तो व्हिडिओ शोधून मिळतो, पण समोर काही मांडून ठेवलेलं नसतं. ऑटोप्लेही बंद करा.

क्लास संपल्यावर ‘नीट लक्ष दिलंस ना?’ असं विचारू नका. वही मागा आणि आज शिकवलेलं एक गणित तुमच्यासमोर करायला सांगा. एवढ्याने आठवडाभरात फरक दिसतो.

आणि मोठ्यांबद्दल. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. साडेआठला दुसरा भोंगा होतो. तिथली खुबी अशी की त्या वेळात आई-बाबांचाही फोन बंद असतो, म्हणून मुलाला शिक्षा झाल्यासारखं वाटत नाही. सोसायटीत भोंगा जमणार नाही, पण घरातले सगळे फोन एक तास स्वयंपाकघरातल्या चार्जरवर ठेवणं जमतं. सुरुवात तुमच्या फोनपासून करा.

प्रश्न : संध्याकाळी डोळे चुरचुरतात, मान आखडते. निळ्या प्रकाशाचा चष्मा घ्यावा का?
– एक विद्यार्थी, पणजी

त्या चष्म्याने स्क्रीनचा थकवा कमी होतो, याला भक्कम पुरावा नाही; पैसे वाचवा. पडद्याकडे बघताना पापण्या खूपच कमी लवतात, त्यामुळे डोळा कोरडा पडतो. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. लॅपटॉप हातभर लांब, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. त्यासाठी खाली जाड पुस्तकं ठेवा आणि कीबोर्ड वेगळा जोडा, नाहीतर मानेचं दुखणं खांद्यावर येतं. लांबचं अस्पष्ट दिसत असेल किंवा रोज डोकं दुखत असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : मुलीच्या ऑनलाइन क्लासचं अॅप काढून टाकलं, तरी दर महिन्याला पैसे कापले जातात.
– एक पालक, सोलापूर

अॅप काढल्याने वर्गणी थांबत नाही. पैसे कोणत्या वाटेने जातात ते बँकेच्या स्टेटमेंटवरून ओळखा. यूपीआयने जात असतील तर तुमच्या यूपीआय अॅपमध्ये ‘ऑटोपे’ उघडून ती नोंद रद्द करा. प्ले स्टोअरमधून जात असतील तर तिथल्या ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’मधून. कार्डावरून असेल तर बँकेच्या अॅपमध्ये ई-मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे कापायला दिलेली परवानगी, शोधा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि त्याच सूचनेतून नकारही देता येतो.

स्टेटमेंटवर क्लासऐवजी एखाद्या वित्तसंस्थेचं नाव असेल तर प्रकरण वेगळं आहे : ‘नो कॉस्ट ईएमआय’च्या नावाखाली तुमच्या नावावर कर्ज निघालेलं असतं. ते हप्ते परस्पर बंद करू नका, पत खराब होईल. क्लास आणि वित्तसंस्था दोघांनाही एकाच ईमेलमध्ये क्लास रद्द केल्याची तारीख, करार क्रमांक आणि परताव्याची मागणी लिहून पाठवा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्या ईमेलच्या प्रतीबरोबर जपून ठेवा.