मसाजनंतर थर्मल फोटोत खांदा लाल दिसला, म्हणजे गाठ सुटली का?

तुमच्या फिजिओथेरपिस्टनी खांद्यातल्या गाठीवर हातानं उपचार केले, आधीचा आणि नंतरचा थर्मल फोटो (थंड भाग निळा, गरम भाग लाल दाखवणारा) दाखवला आणि निळ्याचं लाल झालं म्हणजे ट्रिगर पॉइंट, म्हणजे स्नायूतली ती दुखरी गाठ, मोकळा झाला, असं सांगितलं. हे खरं मानायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. मी नागपुरातच फिजिओथेरपी करते. हाताच्या उपचारानं आराम पडतो हे रोज बघते, पण त्या फोटोवरून गाठ सुटली असं मी म्हणणार नाही.

थर्मल कॅमेरा फक्त कातडीचं तापमान टिपतो, आतला स्नायू त्याला दिसत नाही. अंगठ्यानं गाठ दाबून धरली की तिथलं रक्त सरकतं आणि दाब सोडताच जोरात परत येतं. वर चोळण्याची आणि हाताची ऊब असतेच. न दुखणाऱ्या खांद्यावर हेच केलं तरी तोही लाल दिसेल. मुळात ट्रिगर पॉइंटवरची त्वचा आजूबाजूपेक्षा गरम असते की थंड, यावरच अभ्यासांचं एकमत नाही.

त्यात आपला उन्हाळा. ४५ अंशांच्या उन्हातून गाडीवर यायचं आणि कूलरसमोर बसायचं. ज्या खांद्यावर झोत, तो थंड दिसणारच. नीट मोजायचं तर खोली २० ते २४ अंशांवर स्थिर हवी आणि तो भाग उघडा ठेवून साधारण १५ मिनिटं शांत बसायला हवं. त्याआधी बाम, तेल, गरम चहा, सिगारेट, व्यायाम काही नको. दोन्ही फोटोंची रंगपट्टीही, म्हणजे कोणता रंग किती अंशांचा ते दाखवणारी पट्टी, सारखीच आहे ना, हे जरूर बघा. पट्टी ३० ते ३६ ऐवजी ३३ ते ३४ अंश ठेवली, तर अर्ध्या अंशानंही निळ्याचं लाल होतं.

त्यांना विचारा, की मान आधी किती वळत होती आणि आता किती वळते? किती दाबावर दुखायला लागतं? हा दाब अल्गोमीटर नावाच्या साध्या उपकरणानं मोजता येतो. हीच मोजणी आठवड्यानं पुन्हा करून घ्या. उपचाराचा गुण तिथं कळेल.

मात्र हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर मसाज थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. खांदा दुखताना छातीत दाटून घाम फुटला, तर थेट इमर्जन्सीत जा.