आधी ओढणी

प्रिय बाळ,

मनिलातल्या तुमच्या पॅरिशने यंदाचं सालुबोंग, म्हणजे ईस्टरच्या पहाटेची येशू आणि मारियामातेच्या भेटीची मिरवणूक, तुझ्या गळ्यात घातली हे कळलं. समितीत एकाला ड्रोनवरून फुलं हवीत, दुसऱ्याला कबुतरं, तिसऱ्याला दोरीने आभाळातून उतरणारा देवदूत. ‘कोणाचं ऐकू?’ म्हणून विचारतोस. कोणाचंच नको. आधी ओढणी बघ.

ईस्टरच्या पहाटे पुनरुत्थित येशूच्या मूर्तीमागे पुरुष एका वाटेने येणार, काळ्या ओढणीतल्या मारियामातेमागे बायका दुसऱ्या. ‘गालिलेया’ म्हणतात त्या मांडवाखाली भेट, देवदूत झालेल्या मुलीचं ‘रेजिना चेली’ हे मारियामातेचं लॅटिन स्तोत्र, आणि तिच्याच हातून ओढणी दूर. शुभवर्तमानात ही भेट नाही, मिस्साग्रंथातही नाही. लोक झोप मोडून येतात ते आईच्या तोंडावरचं सुतक उतरताना बघायला. तेच अडकलं तर कबुतरं काय चाटायची आहेत?

आणि ते अडकतं. मातेच्या मागच्या प्रभावळीच्या किरणांत, नाहीतर मुकुटाच्या टोकात. म्हणून जाळी नको, लेस तर नकोच. गुळगुळीत, हलकं, कडा दुमडून शिवलेलं कापड घे, खांद्याच्या फार खाली लोंबणार नाही एवढंच. टाचणी एकही लावू द्यायची नाही. मूर्ती सजवणाऱ्या बायका प्रेमाने चार-पाच टाचतातच, तेव्हा मिरवणूक निघण्याआधी स्वतः हात फिरवून बघ. वाऱ्याची धास्ती असेल तर कच्च्या दोऱ्याचा एक टाका पुरे, हिसक्यासरशी तुटेल असा. ओढणी सरळ वर उचलायची. पुढे खेचली की किरणांची टोकं कापडात रुततात. तालीम त्याच ओढणीवर, तीच प्रभावळ लावून आणि अंधारात. दुपारी झुळझुळणारं कापड पहाटे दवाने जड होतं.

दोरीबद्दल माझं मत ठाम आहे: पायऱ्यांचा भक्कम चौथरा कर, मुलीला त्यावर उभी कर. समिती अडूनच बसली, तर झग्याच्या आत कमरेला-मांड्यांना पट्टे, दोरीवर दोन मोठी माणसं, आणि फटाके अंगणाच्या पार पलीकडे. मला हट्टी म्हणतील, म्हणोत. ओढणी सुटली नाही तर गावाला वर्ष वाईट जातं असं तिथे मानणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचं खापर त्या पोरीवर फुटतं, समितीवर नाही. आठ वर्षांच्या पोरीवर! तिला निघताना दोन बिस्किटं खायला घाल, आणि पहिला सूर द्यायला कोणीतरी तिच्या जवळ उभं कर.

वसईतल्या क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीची सवय सालुबोंगला कामाची नाही. तिथे एकच घोळका, इथे दोन, आणि दोन्ही बरोबर एका वेळी पोचायला हवेत. दोन्ही वाटा आदल्या आठवड्यात मूर्तीच्या गाडीच्या चालीने चालून बघ, आपल्या नव्हे. रस्त्यावर विजेच्या तारा लोंबतात, त्या उचलायला प्रत्येक गाडीपुढे बांबूवाला एक माणूस हवाच. जो आधी पोचेल त्याने मांडवाबाहेर थांबायचं.

मनिलाजवळच्या अंगोनो गावात मुली निशाणं फिरवत नाचतात, सेबू बेटाकडे याच विधीला सुगात म्हणतात आणि तिथल्या मिंगलानिला गावात त्याचा मोठा थाट असतो. तो थाट त्यांच्या अंगात मुरलेला आहे. तुमच्या समितीने व्हिडिओ बघून तो आणायचा म्हटला, तर हो म्हण आणि शनिवारी रात्री ओढणीची तालीम आधी लाव. ती सलग तीनदा सुटली, तर पुढचं बोलू दे त्यांना.