राजीव गांधींच्या सुरक्षेत चूक नेमकी कोणाची होती? तिथले पोलीस काय करत होते?

21 मे 1991 च्या रात्री श्रीपेरुंबुदूरला एक अनोळखी बाई हार घेऊन माजी पंतप्रधानांपर्यंत पोहोचलीच कशी आणि तिथले पोलीस काय करत होते, असे आपण विचारले आहे. प्रश्नाचा दुसरा भाग मला लागला, म्हणून हे उत्तर. मी महाराष्ट्र पोलीस दलात 29 वर्षे नोकरी केली आणि त्यातला बराच काळ सभांच्या बंदोबस्तात, महिलांच्या झडतीच्या पॉइंटवर उभे राहण्यात गेला.

तिथले पोलीस तिला अडवत होते. अनसूया नावाच्या महिला उपनिरीक्षकांनी तिला मागे सारण्याचा प्रयत्न केला होता, आणि राजीव गांधींनीच आपल्याला थांबवून लोकांना जवळ येऊ द्यावे असे सुचवले, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. त्या जखमी होऊन वाचल्या. पोलीस अधीक्षक महंमद इक्बाल आणि बंदोबस्तावरचे इतर कर्मचारी वाचले नाहीत. स्फोटात मरण पावलेल्या छायाचित्रकाराचा कॅमेरा मात्र शाबूत सापडला. त्यातल्या एका फोटोत ती बाई, म्हणजे अंगावर बॉम्ब बांधून आलेली धनू, हार धरून उभी आहे आणि शेजारी कविता म्हणून दाखवायला आलेली एक लहान मुलगी व तिची आई आहे. तो फोटो मी कितीतरी वेळा पाहिला आहे. नुसत्या चेहऱ्यावरून त्यातली परकी कोण, हे मलाही सांगता आले नसते. ते यादीवरूनच कळते, आणि यादी आयोजकांच्या हातात असते.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण 1995 च्या विधानसभा निवडणुकीच्या प्रचारात आमच्या जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझ्यावर तीच वेळ आली होती, फक्त निभावली. व्यासपीठाच्या उजव्या अंगाला, जिथून औक्षण करणाऱ्या महिलांना आत सोडायचे होते, तिथे माझा पॉइंट होता. माझ्याकडच्या कागदावर 11 नावे होती आणि दोराशी किमान चाळीस जणी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्याच बाईच्या हातातल्या ताटावर जरीचा रुमाल झाकलेला होता. तो उचलून दाखवा, असे मी म्हटले तेव्हा तिला अपमान वाटला आणि तिने मोठ्याने तसे बोलून दाखवले. व्यासपीठावरून पाहुण्या नेत्यांनी हात करून सांगितले, ‘अहो, येऊ द्या त्या बायांना.’ मी दोर सोडला नाही. तेव्हा छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या एका कार्यकर्त्याने बाजूच्या बल्लीला बांधलेली गाठ सोडली, दोर डोक्यावर धरला आणि सगळ्या जणी खालून आत गेल्या. त्यांच्या मागोमाग एक तरुणही घुसला आणि त्याने व्यासपीठाच्या पायरीवरून शाईची बाटली फेकली. शाई होती, म्हणून सगळे घरी गेले.

चौकशी माझी झाली. मी जबाबात नेत्यांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, परंतु लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘त्यांचे नाव यात नको’ असे म्हणून ते वगळले. दोर कोणी उचलला, हे कोणी विचारलेच नाही. माझी वेतनवाढ एक वर्षासाठी रोखली गेली.

श्रीपेरुंबुदूरच्या बाबतीत निदान हा प्रश्न विचारला गेला. न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाने केंद्र सरकार, गुप्तचर विभाग आणि राज्य पोलीस यांच्याबरोबरच सभेच्या आयोजक कार्यकर्त्यांनाही दोष दिला. मुळातली चूक त्याआधी दिल्लीत, कागदावर झाली होती. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर 1985 मध्ये विशेष सुरक्षा दल उभे राहिले, पण 1988 च्या कायद्यात फक्त पदावरील पंतप्रधानांची तरतूद होती. सत्ता गेल्यावर राजीव गांधींचे ते कवच काढून घेतले गेले आणि त्याच्या तोडीची दुसरी व्यवस्था उभी केली गेली नाही. धोका पदाला असतो की माणसाला, एवढा साधा विचार करून माजी पंतप्रधानांना कायद्यात आणले गेले ते 1991 मध्येच, पण हत्येनंतर.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. सुरक्षेतील त्रुटींवर प्रश्न विचारलेच पाहिजेत, परंतु ते वरून खाली विचारावेत. आपल्याकडे ते खालून सुरू होतात आणि खालीच थांबतात. 12 ऑक्टोबर 2024 रोजी वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली, तेव्हाही निलंबित झाला तो सोबत असलेला शिपाई. धोका किती आहे हे ठरवणाऱ्या बैठकीत शिपाई बसत नाही.

पोलीस चुकत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही; हे खरे तर आधीच लिहायला हवे होते. 20 जानेवारी 1948 रोजी बिर्ला भवनात स्फोट करणारा मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला होता आणि त्याच्या जबाबात पुण्याच्या वृत्तपत्राच्या संपादकापर्यंत जाणारा धागा होता. तरीही नथुराम गोडसेला ओळखू शकतील असे पुण्याचे पोलीस दहा दिवसांत प्रार्थनासभेच्या दाराशी उभे केले गेले नाहीत. गांधीजींनी झडतीला नकार दिला होता हे खरे आहे, पण साध्या वेशात चेहरे ओळखणारी माणसे उभी करायला त्यांच्या परवानगीची गरज नव्हती. तिथे दोष आमच्याच खात्याचा होता.

आपण कधी सभेचे आयोजक झालात, तर दिलेल्या यादीबाहेरचा एकही माणूस आत नेऊ नका आणि पॉइंटवरच्या बाईने ताटावरचा रुमाल उचलायला सांगितला तर तो उचला. माझे थोरले दीर आजही चारचौघांत ‘हिच्याच पॉइंटवरून माणूस घुसला होता’ असे सांगतात. बिल्ला लावून दोर उचलणारे कार्यकर्ते तेच होते. भाऊजी, कारणे दाखवा नोटिशीची प्रत माझ्या ट्रंकेत आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्या संध्याकाळी गाठ कोणी सोडली तेवढे लिहून खाली सही करा.